गरजू मुला-तरुणांच्या संस्थेत इंटर्नशिप : अर्जापासून निरोपापर्यंत

इंटर्न संस्थेत पाऊल टाकतो तेव्हाच त्याची जायची तारीख ठरलेली असते. दोन महिने, तीन महिने, फार तर एक सत्र. बँकेत किंवा सॉफ्टवेअर कंपनीत त्याने कोणाचं काही बिघडत नाही. पण ज्यांच्या आयुष्यातून मोठी माणसं आधीच एकामागून एक निघून गेली आहेत अशा मुलांमध्ये जाऊन बसायचं असेल, तर सगळं नियोजन त्या तारखेपासून मागे मागे येत करावं लागतं. अमेरिकेत किशोरवयीन मुलांना स्वयंसेवक मार्गदर्शक जोडून देण्याचा मोठा उपक्रम आहे. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी त्यातल्या जोड्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या जोड्या वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकल्या, त्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला. ज्या तीन महिन्यांच्या आत तुटल्या, त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास आधीपेक्षा घसरलेला आढळला.

तीन महिने म्हणजे बहुतेक इंटर्नशिपची मुदत. म्हणून इंटर्नशिप करूच नये, असं अजिबात नाही. संस्थांना माणसं हवीच असतात आणि हे क्षेत्र समजून घ्यायला दुसरा चांगला रस्ताही नाही. फक्त कोणतं काम अंगावर घ्यायचं, मुलांशी किती जवळीक ठेवायची आणि निघायचं कसं, हे आधीच ठरवलेलं बरं.

अर्ज करण्याआधी

‘मुलांसाठी काम करणारी संस्था’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळी कामं चालतात. कुठे निवासी बालगृह, कुठे शाळा सुटलेल्यांसाठी अभ्यासवर्ग, कुठे घरातून पळालेल्या किंवा रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी निवारा, कुठे कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांसाठी समुपदेशन, कुठे हेल्पलाइन, कुठे रोजगाराचं प्रशिक्षण. आणखी एक गट सहसा नजरेत येत नाही, तो म्हणजे अठरा पूर्ण झाल्यामुळे बालगृहातून बाहेर पडावं लागलेले तरुण. घर नाही, पाठीशी कोणी नाही, भाडेकरार कसा वाचायचा हेही कोणी शिकवलेलं नाही. या वयोगटात इंटर्नची खरी मदत होऊ शकते, कारण इंटर्न साधारण त्याच वयाचा असतो आणि अर्ज भरणं, मुलाखतीची तयारी, बँकेचं खातं ही कामं त्याने नुकतीच स्वतः केलेली असतात.

वयाची रेष कुठे आहे हे माहीत असू द्या. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेनुसार अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक. संयुक्त राष्ट्रांच्याच आकडेवारीत ‘युवा’ म्हणजे १५ ते २४. म्हणजे सतरा वर्षांची मुलगी एकाच वेळी दोन्हीकडे मोजली जाते. कागदावरचा हा गोंधळ प्रत्यक्ष कामात महत्त्वाचा ठरतो: संमती कोणाची घ्यायची, माहिती कोणाला सांगायची, धोका दिसला तर कोणाला कळवायचं, हे सगळं त्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे बदलतं.

संस्था निवडताना तिची वेबसाइट किती देखणी आहे ते पाहू नका. काही साधे प्रश्न विचारा आणि उत्तर कसं येतं ते पाहा. बालसुरक्षा धोरण लिखित आहे का, मला वाचायला मिळेल का? माझी सुपरवायझर कोण असेल आणि ती आठवड्यातून एकदा तरी माझ्याशी बसून बोलेल का? याआधीच्या इंटर्नने काय काम केलं? ते आता कोण वापरतं? हा शेवटचा प्रश्न माझा आवडता आहे. ‘हो, तिने केलेल्या शीटवर आम्ही अजून हजेरी ठेवतो’ असं ऐकायला मिळालं तर तिथे जा. समोरचा आठवत बसला, तर तुमच्या कामाचंही तेच होणार आहे.

आता धोक्याच्या खुणा. ओळखपत्र, संदर्भ, पूर्वचारित्र्याची चौकशी यांतलं काहीही न विचारता पहिल्याच दिवशी मुलांमध्ये सोडणारी संस्था तुमच्यावर विश्वास टाकते आहे असं समजू नका. ती उद्या कोणालाही तसंच सोडेल. पैसे भरून ‘अनाथ मुलांसोबत काही दिवस घालवा’ असं सांगणाऱ्या कार्यक्रमांपासून तर लांबच राहा. जगभरातल्या अनाथालयांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई-वडील, निदान दोघांपैकी एक तरी, हयात असतात. पाहुणे येतात, पैसे देतात, म्हणून मुलं आणली आणि ठेवली जातात, असंही घडलेलं आहे. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेचा आणि त्यातून होणाऱ्या शोषणाचा थेट उल्लेख केला. बालगृहात जायचंच असेल तर मुलांना परत कुटुंबात किंवा कुटुंबासारख्या व्यवस्थेत नेण्यासाठी संस्था काय करते, ते विचारा. २००९ ची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वंही तोच आग्रह धरतात.

अर्ज आणि मुलाखत

‘मला मुलं खूप आवडतात’ आणि ‘समाजाचं देणं फेडायचं आहे’ ही दोन वाक्यं जवळजवळ प्रत्येक अर्जात असतात. तुमच्यात ती नसली तरी चालेल. त्याऐवजी काय येतं ते लिहा: एक्सेलमध्ये पिव्होट टेबल करता येतं, दोन भाषांत सहज लिहिता येतं, आठवी-नववीचं गणित शिकवता येतं, व्हिडिओ एडिट करता येतो. कार्यालय चार माणसांचं असेल तर यातलं एखादं कौशल्य तिथे कोणाकडेच नसण्याची शक्यता बरीच असते.

तुमच्या आयुष्यात तसेच अनुभव येऊन गेले असतील, म्हणजे बालगृह, घरातली मारहाण, व्यसनी पालक, तर ते सांगायचं की नाही हा सर्वस्वी तुमचा निर्णय. सांगितलंत तर थोडक्यात सांगा आणि त्यातून कामाला काय उपयोग होईल तिथवर येऊन थांबा. मुलाखत घेणाऱ्याने तपशील खोदून विचारायला सुरुवात केली, तर ही मंडळी मुलांशीही असंच बोलत असतील का, अशी शंका घ्यायला हरकत नाही.

पैशाबद्दल विचारायला लाजू नका. विद्यावेतन मिळेल का, प्रवासखर्च कोण देईल, उशिरापर्यंत थांबावं लागलं तर घरी सोडायची काय सोय. सेवाभावी काम आहे म्हणून हे प्रश्न वाईट दिसतात, ही समजूत सोडून द्या. बिनपगारी इंटर्नशिप फक्त ज्यांना परवडते त्यांनाच करता येते. मग या क्षेत्रात गरजू घरातले तरुण कमी का, असं नंतर विचारण्यात अर्थ राहत नाही.

निवड झाली की पानभराचा लेखी करार मागा. त्यात कामाचं स्वरूप, दिवस आणि वेळ, सुपरवायझरचं नाव, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, मुलांबद्दलच्या माहितीची गोपनीयता आणि महाविद्यालयासाठी प्रकल्प लिहिणार असाल तर त्यात काय वापरता येईल, एवढं हवंच. प्रकल्पाचा मुद्दा आधी स्पष्ट झाला नाही तर शेवटच्या आठवड्यात वाद होतो.

पहिले काही दिवस

या दिवसांत फार उत्साह दाखवायचा नाही. बालसुरक्षा धोरण सहीपुरतं चाळू नका, नीट वाचा आणि तीन गोष्टी पाठ करा: शंका आली तर कोणाला सांगायचं, ती व्यक्ती नसेल तर कोणाला, आणि आरोप संस्थेतल्याच माणसावर असेल तर कोणाला. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर धोरणात नसेल तर सुपरवायझरला विचारा.

मागची दोन-तीन वर्षं संस्थेने छापलेले वार्षिक अहवाल वाचा. त्यातला खर्चाचा भाग सोडू नका. बहुतेक देणग्या ठरावीक कामासाठी बांधलेल्या असतात: वह्यांसाठी आलेला पैसा समुपदेशकाच्या पगाराला वापरता येत नाही. ‘एवढा निधी आहे, मग एक समुपदेशक का नेमत नाहीत?’ हा प्रश्न दर नव्या इंटर्नला पडतो. अहवाल वाचला की त्याचं उत्तर मिळतं.

अनुभवी कार्यकर्त्यांच्या मागे मागे राहा. गृहभेटीला गेलात तर बोलू नका, पाहा: सोबतची कार्यकर्ती आत गेल्यावर कुठे बसते, आधी कोणाशी बोलते, आईने विषय टाळला तर काय करते, वही कधी बाहेर काढते. यातलं काहीही पुस्तकात नसतं. परतीच्या वाटेवर प्रश्न विचारा, मुलासमोर किंवा पालकांसमोर कधीच नाही. आणि सुधारणांच्या सूचना वहीत लिहून ठेवा. महिन्याभराने त्या पुन्हा वाचल्या की निम्म्या खोडाव्याशा वाटतील. उरलेल्या निम्म्या मात्र खरंच मांडण्यासारख्या असतात.

मुलांशी वागताना

या भागाला जास्त जागा देतो आहे, कारण बहुतेक घोटाळे इथेच होतात आणि तेही चांगल्या मनाच्या माणसांकडून.

पहिलं म्हणजे निघायची तारीख पहिल्या भेटीतच सांगा. ‘मी तीन महिने इथे आहे, परीक्षा संपेपर्यंत गणित घेणार आहे.’ एवढं साधं. लहान मुलांना तारखेपेक्षा एखादा प्रसंग सांगितला की कळतं: ‘सहामाही परीक्षा झाली की मी जाणार.’ काही मुलं तुमच्याशी बोलणंच टाळतील. त्यांना टाळू द्या. किती जवळ यायचं हे त्यांनी खरी माहिती हातात ठेवून ठरवलेलं बरं.

दुसरं, सीमारेषा. खासगी मोबाईल नंबर द्यायचा नाही. सोशल मीडियावर मुलांची विनंती स्वीकारायची नाही आणि आपणही पाठवायची नाही. पैसे, भेटवस्तू, उधारी नाही. बंद खोलीत एकट्याने एका मुलासोबत बसायचं नाही. दार उघडं ठेवा किंवा काचेतून दिसेल अशा जागी बसा. एकट्या मुलाला आपल्या गाडीवरून सोडायला जायचं नाही. जवळ घेणं, पाठीवर थाप मारणं याबद्दल संस्थेचा नियम पाळा, आणि नियम नसेल तर पुढाकार मुलाकडून येऊ द्या. यात मुलाची सुरक्षा आहे आणि तुमचीही. एखाद्या मुलीला वही घेऊन दिली तर बिघडलं काय, असं वाटतं. बिघडतं ते असं की बाकीच्या पंधरा जणी पाहत असतात. वहीची गरज खरी असेल तर ती समन्वयकाला सांगा, म्हणजे वही संस्थेकडून मिळेल आणि तुम्ही गेल्यावरही मिळत राहील.

तिसरं, खोदून विचारायचं नाही. ‘तुझे बाबा कुठे असतात?’, ‘तू इथे कशी आलीस?’ हे प्रश्न तुम्हाला ओळख वाढवायला विचारावेसे वाटतात, पण तिने ते पोलिसांपुढे, डॉक्टरांपुढे, समित्यांपुढे आणि तुमच्याआधी आलेल्या प्रत्येक इंटर्नपुढे ऐकलेले असतात. त्याऐवजी समोर चाललेल्या गोष्टीबद्दल बोला: चित्र, कॅरम, आज शाळेत झालेलं भांडण. बालपणातल्या आघातांचा मोठेपणीच्या आरोग्यावर होणारा परिणाम दाखवणारा व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांचा अभ्यास १९९८ मध्ये आला. तेव्हापासून त्यात वापरलेल्या, लहानपणीच्या वाईट अनुभवांच्या प्रश्नावलीतले गुण मोजायची हौस अनेकांना लागली आहे. तो अभ्यास हजारो प्रौढांच्या गटाबद्दल बोलतो, समोरच्या एका मुलाचं भविष्य सांगत नाही. इंटर्नने ती प्रश्नावली मुलांपुढे ठेवू नये.

त्या अभ्यासातून घ्यायचं ते वेगळंच आहे. मुलगा शिवी देतो, वही फाडतो, तुम्ही शिकवत असताना उठून जातो, यामागे अनेकदा हे मोठं माणूस कितपत टिकतं याची परीक्षा असते. उत्तरादाखल आवाज चढवू नका आणि विनवण्याही करू नका. ‘तू आत्ता बाहेर जाऊन ये. मी इथेच आहे, पाच वाजेपर्यंत.’ आणि मग खरोखर पाच वाजेपर्यंत तिथेच थांबा. वेळ पाळणं ही इंटर्न मुलांना देऊ शकेल अशी सगळ्यात मोठी गोष्ट आहे, असं माझं मत झालं आहे. मंगळवारी चार वाजता येतो म्हटलं की मंगळवारी चार वाजता यायचं. येणं शक्य नसेल तर आदल्या दिवशी निरोप पोहोचवायचा.

मूल काही गंभीर सांगतं तेव्हा

कधी ना कधी कोणीतरी म्हणेल, ‘ताई, कोणाला सांगणार नसशील तर एक सांगू?’

‘हो, नाही सांगणार’ असं म्हणू नका. पुढे जे ऐकाल ते सांगावंच लागलं तर शब्द मोडेल, आणि मोडलेल्या शब्दांचा त्या मुलाला आधीच भरपूर अनुभव असतो. असं म्हणता येईल: ‘तू सांग, मी ऐकते. पण तुला किंवा आणखी कोणाला इजा होईल असं काही असेल, तर मला एका माणसाची मदत घ्यावी लागेल. ते कोण, हे मी तुला आधी सांगेन.’ काही मुलं इथेच थांबतात. थांबू द्या. ‘नंतर कधीही सांगावंसं वाटलं तर सांग’ म्हणा आणि मूल थांबलं ही गोष्टसुद्धा समन्वयकाच्या कानावर घाला.

मूल बोललं तर ऐका. चेहऱ्यावर धक्का दिसू देऊ नका. ‘मग त्याने तुला हात लावला का?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नका. त्याने मुलाची आठवण गढूळ होते आणि पुढे चौकशीत त्याच्याच सांगण्यावर शंका घेतली जाते. ‘मग काय झालं?’ एवढं पुरतं, तेही मूल स्वतः बोलत असेल तर. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही’ हे स्पष्ट शब्दांत म्हणा. पुढे काय होणार ते सांगा. ‘सगळं ठीक होईल’ असं आश्वासन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही.

नंतर लगेच, त्याच दिवशी, लिहून काढा: तारीख, वेळ, जागा, मुलाचे शब्द जसेच्या तसे, तुम्ही काय विचारलंत. स्वतःचा अंदाज लिहायचाच असेल तर वेगळा लिहा आणि अंदाज असल्याचं नमूद करा. ही नोंद जबाबदार व्यक्तीच्या हाती द्या आणि कायद्यानुसार कोणाला कळवायचं असेल ती प्रक्रिया त्यांच्याकडून समजून घ्या. स्वतः चौकशी करू नका, ज्याच्यावर आरोप आहे त्याला जाब विचारू नका, मित्राला फोनवर सांगू नका. आणि तक्रार दडपली जाते आहे असं दिसलं, तर गप्प बसायची सोय इंटर्नलाही नाही. संस्थेबाहेर जी बालसंरक्षण यंत्रणा असेल तिच्याकडे जायचं.

मूल जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं किंवा तसं सुचवलं, तर थेट विचारायला घाबरू नका: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते हा समज संशोधनात टिकलेला नाही. त्यानंतर मात्र मुलाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच क्षणी अनुभवी सहकाऱ्याला बोलवायचं. मानसिक प्रथमोपचाराची जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मार्गदर्शिका तीन क्रियांवर उभी आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. समुपदेशन तुमचं काम नाही. जोडून देणं आहे.

पडद्यामागचं काम

थोड्या मुदतीच्या माणसाने सगळ्यात जास्त उपयोगी पडायचं तर ते इथे, असं मी म्हणेन. मुलांशी नातं जोडायला वेळ लागतो आणि तो तुमच्याकडे नाही. पण हजेरीची विस्कळीत शीट, पाच वर्षांच्या न जुळणाऱ्या नोंदी, अर्धवट प्रस्ताव, कालबाह्य संपर्कयादी ही कामं दोन महिन्यांत खरंच पूर्ण होतात आणि कार्यकर्त्यांचे तास मोकळे होतात. ते तास मुलांकडे जातात.

नोंदींचं काम कारकुनी वाटत असेल तर एक जुना प्रयोग माहीत असावा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली ५०६ मुलग्यांवर केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्प सुरू झाला. निम्म्यांना समुपदेशक, शिकवणी, वैद्यकीय मदत, उन्हाळी शिबिरं मिळाली, सरासरी पाच वर्षं. उरलेले निम्मे तुलनेसाठी. पुढे संशोधक जोन मकॉर्ड यांनी त्यांतल्या बहुतेकांचा माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांपैकी अनेक जण प्रेमाने आठवण काढत होते, फायदा झाला असं सांगत होते. पण दारूचं व्यसन, मानसिक आजार, वारंवार गुन्हे, लवकर मृत्यू हे सगळं मदत मिळालेल्या गटातच जास्त निघालं. पुढच्या विश्लेषणात एक धागा उन्हाळी शिबिरांपर्यंत गेला: बिनसलेल्या मुलांना एकत्र ठेवलं की ती एकमेकांकडून शिकतात. तुलनेचा गट नसता, तर आभाराची पत्रं वाचून सगळ्यांनी प्रकल्प यशस्वी ठरवला असता.

तेव्हा अहवाल लिहायला बसलात की ‘काय केलं’ आणि ‘काय बदललं’ यांत गल्लत करू नका. चाळीस सत्रं घेतली हे केलेलं काम. बावीस मुलं नियमित आली ही त्याची नोंद. त्यांतली किती वर्षभरानंतर शाळेत आहेत, हा बदल. तिसरा आकडा संस्थेकडे नसेल तर तो कसा गोळा करता येईल याचा साधा फॉर्म तयार करून देणं हे इंटर्नशिपचं उत्तम काम ठरेल. तो फॉर्म कार्यकर्त्याला दहा मिनिटांत भरता आला पाहिजे. वीस मिनिटांचा फॉर्म कोणी भरत नाही.

कार्यक्रमाचं आयोजन अंगावर आलं तर रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मांडलेली मुलांच्या सहभागाची शिडी आठवा. आठ पायऱ्यांतल्या खालच्या तीन म्हणजे मुलांचा वापर, मुलांची सजावट आणि नावापुरता सहभाग. हार्ट त्यांना सहभाग मानतच नाहीत. पाठ करून घेतलेलं भाषण, देणगीदारांसमोर एकसारख्या टीशर्टात उभी केलेली रांग, हे सगळं त्या तीन पायऱ्यांवर येतं. कार्यक्रम काय असावा हे मुलांना आधी विचारा. कदाचित ती म्हणतील, कार्यक्रमच नको, क्रिकेटची मॅच ठेवा.

फोटो आणि गोष्टी

मुलांचा फोटो स्वतःच्या सोशल मीडियावर टाकू नका. चेहरा झाकून, पाठमोरा, ‘माझे छोटे दोस्त’ असं लिहूनही नाही. गणवेश, इमारत, लोकेशन यावरून मूल ओळखू येतं, आणि काही मुलं कोणापासून तरी लपलेली असतात. संस्थेसाठी फोटो किंवा गोष्ट हवी असेल तर पालकांची लेखी संमती आणि मुलाचा होकार दोन्ही घ्या. तो कुठे छापला जाईल ते दाखवा. नंतर नको वाटलं तर कोणाला सांगायचं तेही सांगा. माझी कसोटी साधी आहे: हीच गोष्ट दहा वर्षांनी नोकरीच्या ठिकाणी त्याच्या सहकाऱ्याला सापडली तर त्याला कसं वाटेल? महाविद्यालयाच्या अहवालालाही हेच लागू. नाव बदलून भागत नाही. गाव, वय, आजार आणि भावंडांची संख्या एकत्र लिहिली की माणूस सापडतोच.

स्वतःकडे लक्ष

दुसऱ्याच्या दुःखात दिवस घालवला की ते घरी येतं. झोप न लागणं, चिडचिड, एखाद्या मुलाचाच विचार सतत डोक्यात, किंवा उलट काहीच न वाटणं ही लक्षणं इंटर्नमध्येही दिसतात. सुपरवायझरसोबतच्या आठवड्याच्या बैठकीत ‘काम कसं चाललंय’ इतकंच ‘तुला कसं वाटतंय’ यालाही वेळ हवा. बैठक रद्द होत राहिली तर पुन्हा पुन्हा मागा. कामाचा फोन संध्याकाळी बंद. सुट्टी म्हणजे सुट्टी.

निघताना

शेवटचे तीन-चार आठवडे आले की मुलांना तारखेची पुन्हा आठवण करून द्या. काही मुलं याच सुमारास भांडणं उकरून काढतील किंवा सत्रांना येणं बंद करतील. सोडलं जाण्याआधी आपणच सोडून द्यायचं, हा त्यांचा जुना बचाव असतो. तुम्ही मात्र ठरल्या वेळी येत राहा. न सांगता गायब होणं, मुलं रडतील म्हणून शेवटचा दिवस लपवणं, हे सगळ्यात वाईट. निरोप साधा ठेवा: एकत्र एखादा खेळ, प्रत्येकाला त्याच्यात दिसलेली एक नेमकी गोष्ट लिहिलेली चिठ्ठी. ‘तू खूप छान आहेस’ असं नको. ‘अपूर्णांक जमत नव्हते तेव्हा तू तीनदा पुन्हा केलंस’ असं लिहा. ‘मी परत येईन’ हे शब्द तारीख ठरलेली असल्याशिवाय तोंडातून जाऊ देऊ नका.

कामाची फाइल शेवटच्या दिवशी घाईत करू नका. त्यात असावं: काय पूर्ण झालं, काय अर्धवट आहे आणि कुठे अडलं आहे, फाइली कुठे ठेवल्या आहेत, कोणाकडून काय यायचं बाकी आहे. पुढच्या इंटर्नसाठी एक पान वेगळं लिहा. ते समन्वयकाला वाचून दाखवा आणि काय कळलं नाही ते विचारा. मग स्वतःच्या फोन-लॅपटॉपमधली मुलांची नावं, फोटो, शीट पुसून टाका आणि तसं कळवा. शिफारसपत्र हवं असेल तर शेवटच्या आठवड्यात मागा, तुमची कामं नावानिशी लिहून द्या. सहा महिन्यांनी कोणाला तपशील आठवत नाहीत.

गेल्यावर कधीतरी एखाद्या मुलाचा मेसेज येईल; नंबर कुठून तरी मिळतोच. उत्तर न देणं क्रूर आणि गप्पा सुरू करणं धोक्याचं. एकदाच, प्रेमाने उत्तर द्या: ‘तुझा मेसेज पाहून बरं वाटलं. मी आता तिथे काम करत नाही, म्हणून इथे बोलत नाही. काहीही लागलं तर समन्वयक ताईंना सांग, मी त्यांना कळवते आहे.’ आणि मग खरोखर समन्वयकांना फोन करून कळवा, त्याच दिवशी.